आठव्या ट्रॅकवरची किरकिर

३ जानेवारी

मामा,

मी टिटवी. लहानपणी मी फार कलकल करायचे म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव. आता चाळिशीला टेकलेय, तरी हे नाव वापरलं की तुम्ही पत्र पुढे वाचाल असं वाटलं.

आधी फोन केला होता. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, "अहो, त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही. पत्र लिहा. पत्रांना उत्तर देतात, माणसांना देत नाहीत." मला हसू आलं. म्हटलं, हे आमचेच मामा.

आईबद्दल तुम्हाला कोणी कळवलं असेल की नाही, माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, कायमचा. पाटीवर लिहून बोलते. मध्यंतरी बरी होती, पण दुखणं पुन्हा उलटलंय आणि डॉक्टर उन्हाळ्यापुढचं काही बोलायला तयार नाहीत. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "आई, तुला काय हवंय?" तिने लिहिलं, "ते गाणं. एकदा."

तुम्हाला कळलं असेलच कोणतं. तिने आयुष्यात रेकॉर्ड केलेलं एकच गाणं, जे कधी बाहेर आलंच नाही. तुम्ही जिथे रेकॉर्डिंग करायचात तो स्टुडिओ बंद पडला तेव्हा ती टेप आणि ते आठ ट्रॅकचं मशीन तुम्ही घरी नेलंत, असं ऐकलंय. तिचा आवाज जगात त्या एकाच टेपवर आहे, मामा. बाकी आमच्याकडे काही नाही, वाढदिवसाची एखादी कॅसेटसुद्धा नाही.

मी कंप्यूटरवर जाहिरातींचं संगीत करते. पण बाहेरचा आवाज कंप्यूटरमध्ये घेणारी जी डबी माझ्याकडे आहे, तिला आत यायच्या वाटा दोनच. म्हणजे आठ ट्रॅक चार फेऱ्यांत घ्यावे लागणार, आणि टेप दोनदा सारख्या वेगाने चालत नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या फेरीला गिटार पुढे आणि पियानो मागे. त्यावर उपाय म्हणजे टेपच्या एका रिकाम्या ट्रॅकवर वेळेचा कोड भरायचा, म्हणजे टेप पुढे चालेल आणि कंप्यूटर तिच्या मागून पावलावर पाऊल टाकत येईल. वाचलंय खूप, केलेलं कधी नाही. कोडची डबी मिळवली आहे. मशीन, टेप आणि शिकवणारा माणूस मात्र तुमच्याकडे आहे.

आईला सांगितलेलं नाही. द्याल का?

टिटवी

*

१४ जानेवारी

टिटवी,

नाव अजून शोभतंय. चार ओळींच्या कामासाठी दोन पानं.

मशीन देतो. टेप नंतर. आधी मशीन सांभाळता येतंय का ते बघू. वजन एका गाभण म्हशीएवढं आहे, चार माणसं लागतील, आणि त्या चौघांपैकी एकालाही "जरा टेकवू का" म्हणू देऊ नकोस. आडवं ठेवलंस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. नाहीतरी टाकत नाहीसच.

तुझ्या मातोश्रींना पाटी मिळाली हे वाचलं. चांगलं झालं. पाटीवर मोजकं लिहावं लागतं.

जाहिरातींचं संगीत म्हणजे साबणाची गाणी ना? तुझ्या घराण्यात एवढं तरी टिकलं.

टेम्पो सोमवारी निघेल.

मामा

*

२ फेब्रुवारी

मामा,

मशीन आलं! उभंच आलं, उभंच चढलं, उभंच बसलं. तिसऱ्या मजल्यावर चौघं घामाघूम झाले आणि त्यातल्या एकाने विचारलंच, "बाई, हे कपाट रिकामं करून का नाही दिलं?"

तुम्ही आत दडवलेली चिठ्ठी सापडली: "हात धुतलेस का?" धुतले. मग स्पिरिटने आणि कापसाने, टेप ज्यांवरून घासत जाते ती सगळी डोकी पुसली, रबरी चाक पुसलं. कापूस चार वेळा तपकिरी निघाला, पाचव्यांदा पांढरा. मोटर सुरू केली तेव्हा खोलीत असा काही गरम वास पसरला की मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. लहानपणी तुमच्या शर्टाला हाच वास यायचा.

आणि आईला कळलं. न कळून जातंय कुठे, दिवाणखाना अर्धा भरलाय. दारात उभी राहिली, मशीनकडे पाहिलं, पाटीवर लिहिलं, "कोणाकडून?" मी सांगितलं. तिने पुसलं आणि लिहिलं, "त्याच्याकडून काही घेऊ नकोस." मी विचारलं का, तर पाटी पालथी ठेवून आत गेली.

तुमच्या दोघांत काय झालंय, मामा? मी बारा-तेरा वर्षांची होते. एके दिवशी तुमचं येणं बंद झालं एवढंच आठवतं.

टेप कधी पाठवता?

टिटवी

*

११ फेब्रुवारी

टिटवी,

पाचव्यांदा पांढरा निघाला म्हणजे सहाव्यांदा पुसायचं. माझ्या हाताखाली असतीस तर कान उपटला असता.

आता नीट वाच. पहिली गोष्ट. या मशीनमध्ये टेप आधी पुसायच्या डोक्यावरून जाते आणि मग लिहायच्या. लाल बटण दाबलं की जुनं आधी जातं आणि नवं मागून येतं. तुझ्या कंप्यूटरसारखं "परत आणा" इथे नाही. पुसलेलं परत येत नाही, रडलीस तरी.

दुसरी गोष्ट. कोड नेहमी कडेच्या ट्रॅकवर, आठव्या. त्याच्या शेजारचा सातवा रिकामा ठेवायचा, कारण कोड शेजारी झिरपतो. ऐकलायस का तो कधी? रातकिडा डब्यात कोंडल्यासारखी किरकिर. या टेपवर सातवा आणि आठवा दोन्ही रिकामे आहेत, मीच ठेवले होते. पहिल्यावर आवाज, दुसऱ्यावर पियानो, तीन-चार व्हायोलिनं, पाच गिटार, सहा ड्रम.

तिसरी. गाण्याच्या आधी निदान एक मिनिट टेप फिरू दे. कोड ओळखून मागे लागायला डबीला वेळ लागतो. मी तर कोड नव्हता तेव्हापासून असंच करायचो. आधी मशीन सुरू, मग "तयार व्हा" म्हणायचं. लोक घसा खाकरत, खुर्च्या सरकवत, माझी टेप फिरतच असायची. गाणी बसवणारा मास्तर ओरडायचा की टेप फुकट घालवतो. त्या मास्तरला तालाशिवाय काही कळायचं नाही, तालही अर्धाच.

काय झालं ते विचारतेस. तुझ्या आईला विचार की. त्या गाण्याच्या दिवशी मी मशीन सुरू केलं, ड्रमच्या माइकची वायर बघायला बाहेरच्या पेटीकडे गेलो, परत आलो तर दार आतून बंद. काचेतून मास्तर म्हणाला, "तुमचं काम संपलं. मशीनवाल्याला वरचे सूर ऐकू येत नाहीत, हे आम्हाला कळलंय." माझे कान जात होते, खरं होतं. पण ते जगात दोघांनाच माहीत होतं. एक मी. दुसरं कोण ते ओळख, टिटवी, तू हुशार आहेस.

दुसऱ्या दिवसापासून या धंद्यात मला कोणी दारात उभं केलं नाही. पुढे स्टुडिओ मोडला तेव्हा मशीन आणि टेपा भंगारातून उचलून आणल्या. घरी येईस्तोवर कानच गेले होते. काय होतं त्यावर, मी कधी ऐकलं नाही.

मामा

*

२२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आईला दाखवलं नाही, पण विचारलं. म्हटलं, "मामांच्या कानाबद्दल मास्तरला तू सांगितलंस का?" तिने पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, "सव्वीस वर्षांत त्याने स्वतः विचारलं नाही. आता तू कशाला विचारतेस?" आणि पाटी पुसली.

मी मध्ये पडत नाही. दोघंही हट्टी आहात, मला दोघंही हवे आहात.

पण एक गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. काल जेवताना ती एकदम हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. पाटीवर लिहिलं, "मी मुकी, तो बहिरा. आता कुठे शोभतो भावंडं." दोघी इतक्या हसलो की भात निवून गेला. म्हणजे बघा, राग उतरतोय तिचा.

गेल्या आठवड्यात तिचं वजन आणखी तीन किलो उतरलं. टेप पाठवा ना. मी सहाव्यांदाही पुसलंय. सातव्यांदाही.

टिटवी

*

९ मार्च

टिटवी,

टेप रजिस्टर पोस्टाने निघाली. डबा उघडताना धक्का देऊ नकोस.

खाली लिहिलंय तसं कर. एक शब्द इकडेतिकडे नको.

रीळ डावीकडे लाव. टोकाला हिरवी पट्टी आहे, हिरवी म्हणजे सुरुवात. आठही ट्रॅकची बटणं "इनपुट"वर ठेव, म्हणजे कोड भलतीकडे शिरणार नाही. आठव्याचं लाल बटण दाब, कोडची सुई मध्याच्या जरा खाली ठेव, आणि टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू दे. मध्ये थांबवू नकोस, कोड तुटतो.

आणि ऐकायचं नाही. टेप जुनी आहे, एकेका वाजवण्याला तपकिरी भुगा गळतो. पहिलं वाजवणं सगळ्यांत चांगलं असतं, ते कंप्यूटरसाठी राखून ठेव. कोड भरून होईपर्यंत एक सेकंदही ऐकायचं नाही. ऐकलं की टेप झिजते.

तुझ्या आईचा विनोद पोचला.

मामा

*

१७ मार्च

मामा, मामा, मामा,

झालं! आज सकाळी अकरा वाजता आठव्या ट्रॅकवर कोड भरला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही तुटला नाही. सुई जागची हलली नाही. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

ऐकलं नाही. शप्पथ. हात नुसते शिवशिवत होते. आई शेजारी खुर्चीवर बसली होती, हो, स्वतःहून! तिला म्हटलं, "मामांनी सांगितलंय, ऐकायचं नाही." तिने मान डोलावली आणि रीळ फिरताना बघत राहिली. टेप पूर्ण उजवीकडे गेल्यावर तिने मशीनच्या कडेवर हात ठेवला. तुम्ही तिथे तुमची आद्याक्षरं खिळ्याने कोरली आहेत ना, तिथेच.

मी केलं, मामा. साबणाची गाणी करणाऱ्या बाईने. जरा तरी शाबासकी द्या.

दुपारी जेवून पहिली फेरी. आधी पहिला ट्रॅक घेते, आईचा. तिला हेडफोन लावून ठेवणार आहे. तुमचे उपकार कसे फेडू?

टिटवी

*

१८ मार्च

मामा,

काहीतरी चुकलंय माझं.

पहिल्या ट्रॅकवर काही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर ड्रम आहे, तोही उलटा, फुगत येतो आणि खटकन तुटतो. सगळंच उलटं वाजतंय. सातव्यावर पियानो, जिथे काही नसायला हवं. आठव्यावर कोड. आई कुठेच नाही.

आई हेडफोन लावून बसली होती. मी एकेक ट्रॅक लावत गेले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

रीळ डावीकडेच लावलं होतं. हिरवी पट्टीच होती. काय चुकले मी? तुमच्याकडे दुसरी टेप आहे का? डबे अदलाबदल झाले असतील का? तुम्हाला ऐकू येत नाही, चूक होऊ शकते, मी अजिबात रागावणार नाही. उलट टपाली कळवा. हे पत्र मी स्वतः मोठ्या पोस्टात नेऊन टाकतेय.

टिटवी

*

२६ मार्च

टिटवी,

तू काहीही चुकली नाहीस. सांगितलं तसंच केलंस. शाबास.

माझ्या सगळ्या टेपा शेपूट, म्हणजे गाण्याचा शेवट, बाहेर राहील अशा ठेवलेल्या असतात. वाजवून झाली की तशीच डब्यात, गुंडाळायची नाही. लावायच्या आधी उजवीकडून उलट गुंडाळून घ्यायची. धंद्यातला कोणीही सांगेल, पण तू धंद्यातल्या कोणाला विचारलं नाहीस, मला विचारलंस. शेपटीला लाल पट्टी होती. ती मी कात्रीने कापली आणि हिरवी जोडली. डोळ्यांना काही झालेलं नाही, हात अजून स्थिर आहे. सांधा तुला दिसलासुद्धा नाही.

शेपटीकडून लावलेली टेप उलटी चालते, आणि तिची वरची कड खाली जाते. पहिला आठवा होतो. आठवा पहिला. तू कोड भरलास तो तुझ्या आईवर भरलास, पहिल्या श्वासापासून शेवटच्या श्वासापर्यंत. पुसायचं डोकं आधी येतं, हे मी लिहिलं होतं.

बटणं "इनपुट"वर ठेवायला का सांगितली? सुया मेलेल्या राहाव्यात म्हणून. नाहीतर सातव्याची सुई पियानोवर नाचली असती आणि तुला शंका आली असती. "ऐकायचं नाही" का म्हटलं, ते आता समजलं असेलच. भुग्याचं मात्र खोटं नव्हतं.

मीच पुसू शकलो असतो, घरबसल्या. पण मग "म्हाताऱ्याने पुसलं" एवढंच झालं असतं. मला हवं होतं की तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या माणसाने पुसावं, प्रेमाने. माझ्याशीही तसंच झालं होतं. शेजारी बसून बघत होती हे तू कळवलंस, त्याबद्दल आभार. तेवढं मी मागितलंही नव्हतं.

खरं सांगायचं तर मध्ये एकदा हात थांबला होता. तुझी पत्रं बरी वाटत होती. "टेप आता पाठवत नाही, पुन्हा लिहितो" असं कार्ड लिहून ठेवलं होतं, तिकीट लावून. मग तो मुकी-बहिऱ्याचा विनोद आला. माझ्या कानांवरून पोट धरधरून हसलात दोघी. कार्ड फाडलं.

आता फिटंफाट झाली. तिचा आवाज नाही, माझे कान नाहीत.

मामा

*

५ मे

मामा,

उत्तराला उशीर झाला. कामात होते.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मग मला खूण केली, हेडफोन दे. तो ट्रॅक लाव. मी म्हटलं, आई, तिथे नुसती किरकिर आहे. तिने बोट दाखवलं, लाव. चार मिनिटं दहा सेकंद तिने ती किरकिर ऐकली, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून, डोळे मिटून. संपल्यावर पाटीवर लिहिलं, "छान. सुरात आहे."

त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून ओरडले. माझा उजवा हात कापून टाकावासा वाटला. ते तुम्हाला हवंच होतं, म्हणून कळवते.

पण मामा, तुम्ही जुन्या काळचे. तुम्हाला वाटतं, ट्रॅक पुसला की माणूस पुसलं. मी टेप सरळ करून लावली, खऱ्या आठव्यावर नवा कोड घातला, आणि उरलेले पाच ट्रॅक तीन फेऱ्यांत घेतले. कंप्यूटर टेपच्या मागून असा चालला, एक पाऊल चुकला नाही. शिकवलंत छान, त्यात वाद नाही.

सगळे एकाच खोलीत वाजवत होते ना? ड्रमचा माइक आईपासून दोन पावलांवर होता. त्यात आई आहे. ड्रमच्या तळाशी, पलीकडच्या खोलीत कोणी गातंय एवढी. नुसत्या कानाला ते धुकंच. कंप्यूटरवर पाच आठवडे मी ड्रमचा एकेक ठोका वेगळा करून काढून टाकला. शब्द पुरते येत नाहीत, पण आवाज येतो. तिचाच आहे. वरच्या सुराला जरा थरथरतो. आईने ऐकला. एकदा नव्हे, चार वेळा.

आणखी एक. तुम्ही नेहमी एक मिनिट आधी मशीन सुरू करायचात. त्या दिवशीही केलंत, आणि मग वायर बघायला गेलात. टेप फिरत होती, मामा. तुम्ही बाहेर गेल्यावर खोलीत जे बोलणं झालं ते त्या माइकमध्ये आहे. मास्तर तुमच्या कानांबद्दल बोलतो. मग आई बोलते. अकरा सेकंद. मी साफ केलंय, शब्दन् शब्द कळतो. मी ऐकलं. आईनेही ऐकलं आणि हेडफोन काढून भिंतीकडे तोंड केलं.

तिने सांगितलं होतं की नाही, ते आहे तिथे.

मशीन आणि टेप परत पाठवतेय. उभंच येईल. डोकी पुसली आहेत, कापूस पांढरा निघेपर्यंत. टेपला लाल पट्टी परत जोडली आहे, जिथे असायला हवी तिथे. सहावा ट्रॅक, पहिलं मिनिट.

ऐका.

टिटवी

*

१९ मे

टिटवी,

मशीन पोचलं. नीट आलं.

टेप लावली. सहाव्याची सुई बघत बसतो. चाळिसाव्या सेकंदाला जराशी उचलते, तो मास्तर. मग थांबते. मग पंचेचाळिसाव्याला पुन्हा हलते, अगदी थोडी, जागच्या जागी थरथरते. ती धाकटी. अकरा सेकंद मोजले, बरोबर आहेत. मध्ये एकदा सुई जोरात उसळते. ओरडली का ती? कोणावर?

खालच्या बाईंना बोलावून हेडफोन दिला. त्यांनी तीनदा ऐकलं आणि वहीवर लिहिलं, "कोणी बाई लांब बोलतेय. काही कळत नाही हो." त्यांना पुन्हा ऐकायला लावलं तर त्याखाली लिहिलं, माझ्या गॅसवर दूध आहे.

काय म्हणाली ते लिही.

मामा

*

२ जून

टिटवी,

पत्र मिळालं नसेल म्हणून पुन्हा लिहितो.

टेप खरंच झिजतेय. रोज लावतो, डोक्यावर भुगा साचतो. सुई आधीपेक्षा कमी हलते. की माझे डोळेही चालले, कोण जाणे.

मी जे केलं ते केलं, त्याची माफी मागणार नाही. मागितली तरी तू देणार नाहीस. फक्त एक अक्षर लिही. "हो" किंवा "नाही". तिने सांगितलं होतं की नव्हतं. तिला स्वतःला विचारायला हवं होतं, हे तिचं म्हणणं खरं आहे. आता विचारतो. तिला सांग, दादा विचारतोय.

नाहीतर मी तिकडे येतो. पाटीवर तिनेच लिहून द्यावं. गाडीचं बघतोय.

मामा

*

२० जून

मामा,

येऊ नका. आई नऊ तारखेला सकाळी गेली. शेवटी हेडफोन तिच्या कानाला होता, गाणं सुरू होतं.

तुमचं दोन जूनचं पत्र तिच्या हयातीत आलं होतं. मी वाचून दाखवलं. "दादा विचारतोय" या ओळीला तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग उशीला टेकवून बसव म्हणाली, खुणेने. पाटी मागितली. हात इतका कापत होता की एकेका ओळीला पाच-पाच मिनिटं लागली. सहा ओळी लिहिल्या. वर "दादा" लिहिलं होतं. त्या दिवशी खोलीत काय झालं, ती काय म्हणाली, आणि का, सगळं. शेवटची ओळ फक्त तुमच्यासाठी होती. लिहून झाल्यावर तिने पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि खूण केली की हे उतरवून पाठव, शब्द बदलू नकोस. मी हो म्हटलं. ती झोपली.

मी वाचलं. ते वाचून तुमच्या जिवाला गारवा मिळाला असता की आग लागली असती, तेही सांगणार नाही.

मग ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली. वरपासून खालपर्यंत, एकदाही न थांबता. हात अजिबात थरथरला नाही. कंप्यूटरवरचे ते अकरा सेकंदही त्याच दिवशी काढून टाकले. गाणं तेवढं ठेवलंय.

पुसायचं डोकं आधी येतं, मामा. तुम्हीच शिकवलंत.

टिटवी